श्रद्धाळू गायकाची साधी गाणी

धर्माकडे वळलेल्या कलावंताकडून लोकांची एक ठरलेली अपेक्षा असते. त्याने यापुढे फक्त धर्माविषयी बोलावं. दीनदार मंडळींना तो प्रचारक म्हणून हवा असतो आणि बाकीच्यांना तो काहीही बोलला तरी प्रचारकच वाटतो. मधल्या मधे त्याच्यातला माणूस कुणालाच नको असतो. अमेरिकन गायक-गीतकार नील मोर्सचा २०१८ साली आलेला ‘लाइफ अँड टाइम्स’ हा अल्बम मला या कारणासाठी मोलाचा वाटतो.

मोर्स हा प्रोग्रेसिव्ह रॉकमधला जुना माणूस. ‘येस’, ‘जेनेसिस’ अशा इंग्लिश बँडनी सत्तरच्या दशकात गाजवलेला हा प्रकार. पंधरा-वीस मिनिटांची गाणी, मध्येच बदलणारे ताल, कधी अख्ख्या अल्बमभर चालणारी एकच कथा. मोर्सने भाऊ अॅलन याच्यासोबत ‘स्पॉक्स बिअर्ड’ हा बँड उभा केला. १९९५ साली त्यांचा पहिला अल्बम आला. २००२ मध्ये ‘स्नो’ हा दुहेरी अल्बम आला आणि त्याच वर्षी आपल्या ख्रिस्ती श्रद्धेसाठी मोर्स बँडमधून बाहेर पडला. नाव झालेलं असताना असा निर्णय घ्यायला हिंमत लागते, मग त्याचा मजहब आपला असो वा नसो.

त्यानंतरची त्याची महत्त्वाची कामं बहुतेक धार्मिक आहेत, आणि आकाराने अवाढव्य. ‘टेस्टिमनी’ (२००३) मध्ये स्वतःच्या श्रद्धेचा प्रवास, ‘सोला स्क्रिप्चुरा’ (२००७) मध्ये मार्टिन ल्यूथर. त्यातलं पहिलंच गाणं अर्ध्या तासाच्या घरात जातं. ‘द सिमिलिट्यूड ऑफ अ ड्रीम’ (२०१६) हा दुहेरी अल्बम जॉन बन्यनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’वर बेतलेला. हे पुस्तक मराठीलाही परकं नाही. हरि केशवजी यांनी १८४१ मध्येच ते ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणलं होतं.

एवढा पसारा मांडणाऱ्या माणसाने पुढचा अल्बम काढला तो बारा छोट्या गाण्यांचा. पुढे गिटार आणि त्याचा आवाज, मागे मंद साथ. चाली अशा की दुसऱ्यांदा ऐकताना गुणगुणता याव्यात. विषय कोणते? प्रवास, घरची ओढ, प्रेम, परक्या शहरातला एखादा दिवस. ताल मोजत ऐकणाऱ्या जुन्या रसिकाला यात हाताला काही लागणार नाही, आणि प्रवचन शोधणाऱ्यालाही नाही. काही गाणी जरा जास्तच गोड आहेत हे मीही मान्य करीन. दोन-तीन गाळली असती तर अल्बम अधिक बांधेसूद झाला असता.

पण त्यात ‘ही डाइड अॅट होम’ नावाचं एक गाणं आहे. युद्धावरून जिवंत परतलेला सैनिक आणि त्याची आई. रणांगणात वाचलेला हा मुलगा घरी आल्यावर स्वतःचा जीव घेतो. मोर्स इथे आवाज चढवत नाही. आत्महत्या पाप आहे की नाही याची चर्चा करत नाही, सरकारवर भाषण करत नाही. तो त्या आईजवळ बसून राहतो. गाणं संपल्यावर मला वाटलं, यातही श्रद्धाच आहे. फक्त तिने नाव घेतलेलं नाही.

आपल्याकडे हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असे दोन शब्द लहानपणापासून कानावर पडतात. एक अल्लाहचा हक, दुसरा त्याच्या बंद्यांचा. नमाज-रोजा पाळला की पहिला अदा होतो असं आपण धरून चालतो. दुसऱ्याचा हिशेब मात्र शेजाऱ्याच्या, आईच्या, दुखावलेल्या माणसाच्या दारात होतो. मोर्सचे मोठे अल्बम मला पहिल्या हकाचे वाटतात आणि हा छोटा अल्बम दुसऱ्याचा. एकामुळे दुसरा हलका ठरत नाही. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, त्याने ‘जीझस क्राइस्ट द एक्झॉर्सिस्ट’ हा रॉक ऑपेरा काढला. म्हणजे साधी गाणी गाताना त्याचा दीन कुठेही गेला नव्हता.

संगीत ऐकावं की नाही यावर आपल्यात मतभेद आहेत, त्या वादात मी इथे शिरत नाही. माझा मुद्दा लिहिणाऱ्यांचा आहे. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाकडून काय मागितलं जातं? तलाक, दंगल, बुरखा, राष्ट्रप्रेमाचा खुलासा. समाजातले आपले लोक म्हणतात, आपली बाजू मांड. बाहेरचे म्हणतात, तुझ्या समाजावर टीका कर. दोघांनाही आपण प्रवक्ते म्हणून हवे असतो. १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून आपल्या प्रश्नांना एक व्यासपीठ मिळालं. ते हवंच होतं आणि आजही हवं आहे. पण प्रश्नांवर लिहिता लिहिता आपली साधी माणसं लिहायची राहून जातात. गिरणी बंद पडल्यावर भाजीची गाडी लावणारा मामू, पोराच्या दहावीच्या निकालाची वाट बघणारी खाला, पहिल्या पावसात छपराला प्लॅस्टिक बांधणारं घर. त्यांच्याबद्दल लिहिलं की विचारलं जातं, यात मुस्लिम असं काय आहे?

काही नसलं तरी चालेल. इमान ज्याच्या आत आहे त्याला प्रत्येक ओळीत त्याची पावती फाडावी लागत नाही. वर्गात मुलं निबंध लिहितात तेव्हा ‘माझा समाज’ या विषयावर सगळ्यांचं सारखंच येतं. ‘आमच्या घरची सकाळ’ दिलं की प्रत्येकाची वही वेगळी होते, आणि समाज तिथेच खरा दिसतो.

मोर्सला हे जमलं याचं एक कारण त्याचं वय आणि कमाई असेल. मोठी कामं करून झाल्यावर लहान काम करायला संकोच वाटत नाही. आपण तेवढं थांबायची गरज नाही. ज्यांना हा अल्बम ऐकायचा आहे त्यांनी सैनिकाच्या त्या गाण्यापासून सुरुवात करावी, आणि ज्यांना लिहायचं आहे त्यांनी शेजारच्या घरापासून.