आधी गावाला विचारा

यंदाच्या अंकातला मोठा विभाग आम्ही खेड्यांच्या आरोग्याला दिला आहे. हा विषय निघाला की बोलणं हमखास एकाच ठिकाणी येऊन अडतं: खेड्यात डॉक्टर जायला तयार नसतात. तक्रार खरी आहे. रिकामी पदं भरली पाहिजेत, ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ हवा, रक्त हवं, अडलेल्या बाईला रात्री दोन वाजता गाडी मिळाली पाहिजे. यातल्या कशालाच पर्याय नाही. पण तेवढ्यावर बोलणं संपवलं, तर महाराष्ट्राच्याच मातीत उभं राहिलेलं आणि जगाने उचललेलं एक काम आपण विसरून जातो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. तालुका दुष्काळी. गावकऱ्यांशी बोलणं सुरू झालं तेव्हा लोकांनी दवाखान्याच्या आधी पाण्याचा आणि पोटाचा विषय काढला. आरोळ्यांनी तो मनावर घेतला, आणि मला वाटतं जामखेडचं सगळं यश या एका गोष्टीत आहे. शेतकरी मंडळं झाली, पुढे महिला मंडळं झाली. दुष्काळात कूपनलिका खणल्या, त्यांचे हातपंप दलित वस्तीत बसवले. ज्याला पाणी हवं त्याने तिथे यायचं. पटकी आणि हगवण कमी करायची तर स्वच्छ पाणी लागतं, आणि ते पाणी सगळ्यांना मिळायचं तर जातीच्या भिंतीला हात घालावा लागतो, हे औषधशास्त्राच्या पुस्तकात सापडणारं नव्हे.

नर्सना गावोगाव ठेवण्याचा बेत काही जमेना. तेव्हा गावातल्याच बायकांना तयार करायचं ठरलं. निवड गावाने करायची. निवडून आलेल्यांत कित्येक दलित होत्या, कित्येकींना अक्षरओळख नव्हती. या बायका दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, आपल्या गावात काय घडलं ते एकमेकींना सांगत आणि नवं शिकून परत जात. जुलाब झालेल्या बाळाला साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं, बाळंतपणात हात आणि ब्लेड स्वच्छ का हवं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी, वजन कसं करायचं. कालपर्यंत जिला उंबऱ्याबाहेर उभं करत, तिला लोक आपल्या घरच्या बाळंतपणाला बोलवायला येऊ लागले. हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होत होते, ते दोनेक दशकांत वीस-पंचविसाच्या घरात आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जगभरच्या लोकाधारित प्रयोगांवर जे पुस्तक काढलं त्यात जामखेड होतं. त्यानंतर तीन वर्षांनी आल्मा-आताला प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा झाला, आणि १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत १९८६ पासून डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी केलेलं काम आपल्याला माहीत आहे, असं आपण समजतो. त्यातली एक छोटी वस्तू मात्र मी वाचकांसमोर मुद्दाम ठेवतो. लहान बाळाला न्यूमोनिया झाला की श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, त्याहून मोठं, वर्षाच्या आतलं पन्नास किंवा जास्त, तर धोका. गावातल्या सुईणीला हे शिकवायचं कसं? तिला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग एक साधन तयार झालं: एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर बाळाला न्यूमोनिया, औषध सुरू. सुईणीला दहापर्यंत मोजता येतं म्हणून साधन दहाचं केलं. निरक्षर बाईने साक्षर होईपर्यंत बाळाने थांबायचं का, असा साधा प्रश्न त्यामागे होता.

पुढे ३९ गावांत थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळं ऊबदार ठेवली, जंतुसंसर्ग ओळखला, गरज पडली तिथे इंजेक्शनही दिलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. इस्पितळ बांधतानाही आदिवासींना विचारलं गेलं. पांढऱ्या, गुळगुळीत, नातेवाइकांना बाहेर काढणाऱ्या इमारतीची त्यांना भीती वाटत होती. म्हणून शोधग्राम या बंगांच्या वसाहतीतला दवाखाना गोंड गावासारखा झाला, नाव माँ दंतेश्वरीचं मिळालं, आणि रुग्णासोबत घरची माणसं राहू शकली. आपल्या किती सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीच्या आईला रात्री पाठ टेकायला जागा असते?

या सगळ्यातून देशाने घेतलं ते आशाताईंच्या रूपाने. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं, आणि त्यात गावोगावच्या बायका आशा म्हणून नेमल्या गेल्या. २०११ पासून नवजात बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात भेटी देणं हे आशाचं काम ठरलं. त्या सगळ्या भेटींचा मिळून मोबदला अडीचशे रुपये. आजही सरकारदरबारी ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर राज्यभरच्या आशा संपावर होत्या. आश्वासन मिळालं, आदेश निघेना, म्हणून जानेवारीत त्या पुन्हा संपावर गेल्या, आझाद मैदानात बसून राहिल्या. मार्च २०२४ मध्ये महिना पाच हजारांची वाढ मंजूर झाली. जिच्या खांद्यावर गावाच्या आरोग्याचा पहिला भार आहे तिला मानधनासाठी रस्त्यावर बसावं लागतं, याची मला लाज वाटते. लोकसहभाग या नावाखाली सरकारने आपली जबाबदारी गावावर ढकलायची, तीही गावातल्या बाईच्या फुकट कष्टांवर, हा जामखेडचा अर्थ नव्हता.

भागीदारीत हिशोब मागण्याचा हक्कही येतो. २००७ पासून महाराष्ट्रात काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरी उपकेंद्राला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल असा शेरा देत, आणि मग जनसुनवाईत डॉक्टर, अधिकारी आणि लोक समोरासमोर बसत. औषधं बाहेरून का आणायला लावता, नर्सबाई मुक्कामी का नसतात, असे प्रश्न मांडवात उभं राहून बायका विचारत. काही ठिकाणी यामुळे फरक पडला. हे काम निधीअभावी कधी क्षीण होऊ नये, एवढी दक्षता आपण ठेवायला हवी.

आता समोरचं काम. हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा बीड, आष्टी, पाथर्डी, जामखेड भागातून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघालेल्या असतील. गावातली आशा ज्या गरोदर बाईच्या नोंदी ठेवत होती ती बाई तिच्या यादीतून निसटते, आणि फडाजवळच्या गावातल्या आशेच्या यादीत येतच नाही. एक दिवस बुडला तर खाडा, म्हणून दुखणं अंगावर काढायचं. बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. टोळीतल्याच एका बाईला शिकवून औषधांची पेटी द्यावी, ही कल्पना काही जणांनी मांडली आहे, थोडी करूनही पाहिली आहे. ती सगळीकडे न्यायला इमारत लागत नाही. मुकादमाकडे कोणत्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोड जोडप्याला, किती उचल दिली याची यादी तयार असते. त्याच यादीत गरोदर बायका किती, लस राहिलेली मुलं किती, असा एक रकाना वाढवावा, टोळी निघण्याआधी गावच्या आशेने तो भरावा, आणि कारखान्याने ती यादी आपल्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला पहिल्याच आठवड्यात पोचवावी. आमच्या वाचकांत साखर कारखान्यांचे संचालक आहेत, जिल्हा परिषदेचे सदस्य आहेत. या गळीत हंगामात एखाद्या कारखान्याने एवढं करून पाहिलं, तर काय घडलं, काय अडलं ते आम्हाला लिहून कळवा. आम्ही ते छापू.