मोतीबिंदूचं ‘लेसर ऑपरेशन’ खरंच लेसरने होतं का?

साताऱ्यात असो वा सांगली-मिरजेत, घरातल्या आजी-आजोबांचा मोतीबिंदू काढला की भेटायला आलेले पाहुणे विचारतातच, ‘लेसरने केलं ना?’ उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं. प्रत्यक्षात लहान छेदाचं, बिनटाक्याचं ते ऑपरेशन बहुधा ‘फेको’ असतं. आणि फेकोत लेसर नसतो.

फेकोची सुई चालते अल्ट्रासाउंडवर. सेकंदाला साधारण ४० हजार वेळा थरथरणारं तिचं टोक गढूळ भिंग फोडतं आणि शोषून घेतं. मग त्याच छेदातून घडीचं कृत्रिम भिंग आत बसवतात. अमेरिकेतल्या डॉ. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ही पद्धत आणली.

मग खरा लेसर कुठला? फेम्टोसेकंद लेसर. मोतीबिंदूसाठी तो २००८ मध्ये बुडापेस्टमध्ये डॉ. झोल्टान नागी यांनी पहिल्यांदा वापरला. एका सेकंदाचे दहा कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी. तो झाला एक फेम्टोसेकंद. (इंजिनिअरिंगला हे आकडे पाठ केले होते, अर्थ आता लागतोय.) लेसरचा एकेक ठोका अशा काही शे फेम्टोसेकंदांचा असतो. त्यामुळे आजूबाजूला उष्णता जवळपास पसरत नाही. बुबुळावरचा छेद, भिंगाच्या पिशवीला गोल तोंड आणि भिंगाचे तुकडे, एवढी कामं तो संगणकाच्या मापाने करतो. पण तुकडे बाहेर काढायला पुन्हा फेकोचंच मशीन लागतं!

खर्च मात्र बराच वाढतो. फ्रान्समधल्या पाच रुग्णालयांत दोन्ही पद्धतींची तुलना झाली. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार लेसरचा निकाल फेकोपेक्षा सरस ठरला नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : लेसरसाठी कर्ज काढू नका, आणि उसाचं बिल येईपर्यंत ऑपरेशन लांबवूही नका. ‘पिकू दे, मग काढू’ हा सल्ला जुना झाला. भिंग जितकं कडक, तितकी फेकोला ताकद जास्त लावावी लागते. पूर्ण पांढऱ्या मोतीबिंदूत तर लेसरचा किरणही नीट आत पोहोचत नाही.

एका ठिकाणी मात्र लेसरला तोड नाही. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागतं. ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणतात, पण तो परत येत नाही. भिंगामागचा पडदा गढूळ होतो. यॅग लेसरने त्याला ओपीडीतच काही मिनिटांत झरोका पाडतात. कापाकापी नाही, भरती व्हायला नको.

सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन भिंगासह मोफत होतं. खासगीत जाणार असाल तर आधी विचारा : फेको की फेम्टो, भिंग कोणतं, आणि बिलावर नेमकं काय लिहून देणार?