'टु'चा चकवा

अहिल्यानगर जिल्ह्यांतील संगमनेर असो वा श्रीरामपूर, नोकरीचा अर्ज लिहिणारा पदवीधर शेवटीं 'आय लुक फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू' असें लिहून मोकळा होतो. तेथें 'हिअरिंग' हवें. ही एक चूक वाचणाराचें मन अर्जदाराविषयीं साशंक करण्यास पुरेशी होते.

या नियमाचें मूळ आम्हांस मराठींतच दिसतें. 'जाणें' यास 'पूर्वी' जोडावयाचें तर आपण क्रियापदाचें नाम करून 'जाण्यापूर्वी' म्हणतों. इंग्रजीही तेंच करते: 'बिफोर गोइंग'. 'जेवल्याशिवाय' म्हणजे 'विदाउट ईटिंग'. भेद एवढाच कीं, आपलें शब्दयोगी अव्यय मागून येतें, इंग्रजीचें आधीं.

चकवा आहे तो 'टु'चा. 'आय वाँट टु गो' यांत तें केवळ क्रियापदाचें चिन्ह आहे. 'लुक फॉरवर्ड टु' यांत तें शब्दयोगी अव्यय आहे. परीक्षा सोपी आहे. 'टु'पुढें 'युअर लेटर' हें नाम ठेवून पाहावें. वाक्य जुळलें तर क्रियापदास 'इंग' लावावें. 'लुक फॉरवर्ड टु युअर लेटर' जुळतें, 'वाँट टु युअर लेटर' जुळत नाहीं.

मात्र मराठीचा आधार सर्वत्र चालत नाहीं. 'धरण पाहण्यासाठीं तो भंडारदऱ्यास गेला' येथें 'फॉर सीइंग' नव्हे, 'टु सी'च हवें; कारण येथें जाण्याचा हेतु सांगावयाचा आहे.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनीं मराठी घरांस इंग्रजी शिकविली ती मराठीच्याच आधारें. वडील मंडळींनीं रोज अशीं पांच वाक्यें मुलामुलींकडून दोन्ही भाषांत करवून घ्यावीं, अशी आमची सूचना आहे.