काळा पँथर आणि रिकामे रान

अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत ‘आम्ही काळा पँथर पाहिला’ असे शपथेवर सांगणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या भेटत आली आहेत. वन्यजीव खाती ते नाकारतात आणि वाद तिथेच अडतो. आमच्या मते यातला पहिला घोळ नावाचा आहे. ‘काळा पँथर’ ही स्वतंत्र प्रजाती जगात कुठेही नाही. आशिया-आफ्रिकेतला बिबट्या आणि अमेरिका खंडांतला जॅग्वार यांच्यात जनुकीय बदलामुळे काही प्राणी काळे निपजतात. तिरपे ऊन पडले की त्यांच्या अंगावरचे ठिपकेही दिसतात. फ्लोरिडात ज्याला पँथर म्हणतात तो मात्र प्यूमा, रंगाने पिंगट. काळा प्यूमा आजवर शास्त्रज्ञांना ना जिवंत मिळाला, ना मेलेला. १९९६पासून अ‍ॅरिझोनात अधूनमधून कॅमेऱ्यात आलेले जॅग्वारही ठिपकेवालेच होते.

‘जंगल मोठे आहे, सापडला नसेल’ हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. २०११ साली कनेटिकटमध्ये मोटारीच्या धडकेने एक प्यूमा मेला. डीएनएवरून तो साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सकडचा ठरला. वाटेतल्या राज्यांतही त्याच्या खुणा मिळाल्या होत्या. एकटा वाटसरू एवढ्या खुणा मागे ठेवतो, तर पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी काळी जमात एकही ठेवत नाही, हे कसे? ताडोबातला काळा बिबट्याही २०१८ मध्ये पर्यटकांच्या कॅमेऱ्यात आलाच की!

म्हणून पाहणारे खोटारडे ठरत नाहीत. तिन्हीसांजेला पिंगट जनावर काळे भासते. काळे बॉबकॅट फ्लोरिडात खरोखरच आढळले आहेत. आणि अंतराचा अंदाज चुकला, तर घरचे मांजरही वाघाएवढे दिसते.

आमचा आक्षेप वेगळाच आहे. पूर्वेकडचा प्यूमा माणसाने मारून संपवला; २०१८ मध्ये त्याला नामशेष ठरवून संरक्षित प्राण्यांच्या यादीतून वगळण्यात आले. काळ्या पँथरची वदंता त्या रिकाम्या जागेवर पडदा टाकते, रान अजून भरलेलेच आहे अशी समजूत घालते. इकडे फ्लोरिडातल्या खऱ्या, पिंगट पँथरची प्रौढ संख्या १२० ते २३० धरली जाते आणि त्यांचे बरेचसे मृत्यू मोटारींखाली होतात. काळ्या पँथरवर एवढा जीव लावणाऱ्यांनी या पिंगट पँथरसाठी रस्त्याखालून जाणारे मार्ग वाढवण्याचा आग्रह धरावा, असे आम्हांस वाटते.