‘किती झाले?’ हा प्रश्न बांधावर विचारू नका



२ जानेवारीला सकाळी हरभऱ्याला पाणी देत होतो. एका ओळखीच्या फोटोवाल्याचा फोन आला. नवीन वर्षाच्या शुभेच्छा झाल्या आणि लगेच प्रश्न, "मग, गेल्या वर्षी किती झाले?"

किती पोती नाही, एकरी किती टन नाही. किती पक्षी. म्हणजे वर्षभरात किती जातींच्या पक्ष्यांचे फोटो मिळाले. मी म्हणालो, १४६. तो म्हणाला, "बस्स? माझे ३१२. यंदा ४०० करायचेत. तुमच्या ओढ्यातलं घुबड आहे ना अजून? रविवारी येतो."

मी नको म्हणालो. त्याला राग आला असणार. का नको म्हणालो ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितो. त्याच्यासारखे पाचपन्नास जण हे पान वाचतात, त्यांनाही लागू आहे. आणि शेवटी आपल्या शेतकरी भावांनाही चार शब्द ऐकवणार आहे, तेव्हा लगेच टाळ्या वाजवू नका.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, जास्तीत जास्त जातींचे पक्षी. परदेशात याला ‘बिग इयर’ म्हणतात. २०१५ मध्ये नोआ स्ट्रायकर नावाच्या अमेरिकन माणसाने जगभर फिरून एका वर्षात ६०४२ जाती नोंदवल्या. पुढच्याच वर्षी आर्यन ड्वार्सहाउस या डच माणसाने ६८०० च्या वर नेल्या. आपल्या भारतात सगळ्या मिळून १३०० च्या वर जाती आहेत, त्यावरून अंदाज करा.

पण एक फरक ध्यानात घ्या. त्या खेळात पक्षी दिसला तरी चालतो आणि नुसता आवाज नक्की ओळखता आला तरी चालतो. आपल्याकडे हा खेळ कॅमेऱ्यावर आला आणि नियम झाला, फोटो नाही तर पक्षी नाही. सगळा घोळ इथं आहे. ऐकायला लांबून जमतं. बघायला दुर्बीण पुरते. फोटोला मात्र जवळ जावं लागतं, आणि "अजून थोडं जवळ" याला शेवट नसतो.

मी हे बाहेरून बोलत नाही. गेल्या वर्षी मी स्वतः या शर्यतीत होतो. कांद्याचे चार पैसे आले होते, त्यातून सेकंडहँड कॅमेरा घेतला. घरच्यांनी वेड्यात काढलं. पण खोटं कशाला बोलू, मजा आली. भिगवणला पहाटे होडीतून रोहित बघितले. हिमालय ओलांडून येणारी पट्टकदंब हंसांची रांग उजनीच्या पाण्यावर उतरताना बघितली. माळावर हिवाळ्यात घिरट्या घालणारा भोवत्या मध्य आशियातून येतो हे पहिल्यांदा कळलं. चाळीस वर्षं शेतात काढली, पण माझ्या लेखी बारका तपकिरी पक्षी म्हणजे चिमणी. त्यात चंडोल किती, गप्पीदास किती, हे त्या कॅमेऱ्याने शिकवलं. हे उपकार मी विसरणार नाही.

आता घुबडाचं सांगतो.

आमच्या रानाच्या खालच्या अंगाला ओढा आहे. ओढ्याच्या कडेला मातीची उभी दरड, तिच्यात एक खोबण. तिथं शृंगी घुबड असतं, डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे झुपके असलेलं मोठं घुबड. हे पक्षी झाडावर घरटं बांधत नाहीत, असल्या दरडीत उघड्या मातीवरच अंडी घालतात. आण्णा असेपर्यंत तिकडं कुणाला फिरकू देत नसत. म्हणायचे, "रात्रीचा राखणदार हाय आपला, पगार मागत नाही." लोक घुबडाला अशुभ म्हणायचे, आण्णांनी कधी दगड मारू दिला नाही. दरडीखाली उलट्या पडलेल्या असतात, फोडून बघा. उंदरांची हाडं, केस आणि कवट्या.

गेल्या जानेवारीत मादी तीन अंड्यांवर बसलेली मला दिसली. मी पलीकडच्या काठावरून, लांबून फोटो काढला. माझा नंबर २३. तिथंच थांबायला हवं होतं. पण शहाणपणा सुचला आणि फोटो ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत पाहुणा हजर. मला आनंदच झाला, चहा पाजला, ओढ्यापर्यंत घेऊन गेलो. तो हळूहळू पुढं सरकत गेला. मादी उडाली. भर दुपारी घुबड उघड्यावर आलं की काय होतं हे कुठल्याही गुराख्याला विचारा. दहा-बारा कावळे तुटून पडले. ती समोरच्या बाभळीत जाऊन बसली, अंडी उन्हात. पाहुण्याने कावळ्यांसकट फोटो काढला, फार खूश झाला, आणि संध्याकाळी जागेच्या नावासकट टाकून दिला.

पुढच्या दोन रविवारी मिळून नऊ गाड्या आल्या. एकाने बांधावरच्या तुरीतून गाडी वळवली, ती तूर मोडली. त्याचं दुःख नाही. तिसऱ्या आठवड्यात खोबण रिकामी होती. खाली एक फुटकं कवच. अंडी कावळ्यांनी नेली, मुंगसाने खाल्ली की आणखी कुणी, मला माहीत नाही. पण दार उघडं कुणी ठेवलं ते माहीत आहे. मी ठेवलं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं. दिवाळीच्या आठ दिवस आधी दोन अनोळखी पोरं मोटरसायकलवर आली. "काका, इथं घुबड कुठं बसतं?" गळ्यात कॅमेरा नाही, हातात पिशवी. दिवाळीच्या सुमारास करणी-भानामतीसाठी घुबडं पकडली जातात, हे आपल्याला नवीन नाही. मी त्यांना हाकललं, गाडीचा नंबर वनरक्षकाला कळवला. पण रात्रभर झोप नाही. जागेचं नाव त्यांना कुठून कळलं असेल?

आता त्या फोटोवाल्या मित्राला माझं उत्तर.

तू म्हणशील, एका माणसाच्या चुकीवरून सगळ्यांना का बोलता? बरोबर. म्हणून माणूस बाजूला ठेवू, खेळाचा नियम बघू. एका जातीला एक गुण. चिमणीलाही एक, माळढोकालाही एक. चिमणी १ जानेवारीला अंगणात मिळाली की वर्षभर तिच्याकडं बघायची गरज नाही. कोतवाल झाला, साळुंकी झाली, होला झाला, टिटवी झाली. पहिल्या महिन्यात गावातले सगळे पक्षी संपतात, म्हणजे पक्षी असतात, त्यांची किंमत संपते. मग उरतात ते दुर्मिळ आणि लाजरे. सगळ्या गाड्या त्यांच्याच मागे. ज्याला सगळ्यात कमी त्रास द्यायला हवा त्यालाच हा खेळ सगळ्यात जास्त त्रास देतो. माणूस सज्जन असला तरी नियम त्याला तिकडंच ढकलतो. मलाही ढकललंच की.

पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी येतो, जोडी जमवायला ओरडतो. मोबाईलवर त्याचाच आवाज लावला की दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला समजून तो बिचारा धावत बाहेर येतो. फोटो छान मिळतो. त्याने मात्र घरट्याचा आणि पोटाचा वेळ नसलेल्या शत्रूशी भांडण्यात घालवला. आपल्या बांधावर कुणी रोज खोटा मोजणीदार पाठवला तर आपण पेरणी करू का?

तू म्हणशील, आम्ही काय शिकार करतो का? कायदा वाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही येतं. बंदूक लागत नाही. फोटोच्या अनेक चांगल्या स्पर्धा घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत, ते उगाच नाही.

तू म्हणशील, फोटो हा पुरावा असतो. मान्य. आपला वन पिंगळा १८८४ नंतर कुणाला सापडला नव्हता. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळ दिसला, तेव्हा चित्रीकरण फार कामाला आलं. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू ऐक. मध्ये १९१४ सालची एक नोंद होती, रिचर्ड मेनर्टझहागेन या इंग्रज अधिकाऱ्याची, गुजरातमधली. ती खोटी निघाली. संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर स्वतःचं लेबल लावलेलं होतं. ती लबाडीही रासमुसेन यांनीच उघडी पाडली. संग्रहाची आणि नावाची हाव ज्ञानाला मदत करतेच असं नाही, उलट शोधणाऱ्याला भलत्या रानात पाठवते.

आणि खरी माहिती कशातून मिळते? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल बघा. देशभरातल्या ३० हजारांच्या आसपास पक्षी बघणाऱ्यांच्या नोंदींवर तो उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यातल्या ६० टक्के घटल्या आहेत. मोर वाढलेत, ते तुम्हाला भुईमूग पेरताना कळतंच. माळरानाचे पक्षी आणि शिकारी पक्षी घटलेत. हे कळलं ते भारी फोटोंवरून नाही. लोकांनी साधे पक्षीसुद्धा पुन्हा पुन्हा नोंदवले म्हणून कळलं. एका नीलपंखाचा उत्तम फोटो एवढंच सांगतो की त्या दिवशी एक नीलपंख होता. मागच्या वर्षी तिथं पाच होते का, हे फोटो सांगत नाही.

आता आपल्याकडं येतो, शेतकरी भावांनो.

पाहुण्यांनी एक घरटं मोडलं, आपण किती मोडतो? माळ नांगरून ऊस लावला, तिथं धाविक आणि चंडोल अंडी कुठं घालणार? पाचट पेटवतो, बांध पेटवतो, त्यात तित्तिराची घरटी जातात. उंदरासाठी झिंक फॉस्फाईड टाकतो, मेलेला उंदीर तसाच बांधावर फेकतो, तो कोण खातं? द्राक्षावर-डाळिंबावर जाळी लावतो, ढिली सोडतो, अडकलेला पक्षी आठवड्याने दिसतो. मीही यातलं बरंच केलंय. फोटोवाल्याला शिव्या देऊन हे पाप धुतलं जात नाही.

आणि कृषी अधिकारी, विद्यापीठातले साहेब, तुम्हीही ऐका. हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावा असं तुमच्या शिफारशीत एका ओळीत असतं, आणि त्याखाली अर्धं पान औषधं. थांब्यावर कोण बसतं, किती बसतं, कधी बसतं, हे शेतकऱ्याला मोजायला शिकवा. मी एकरी पंधरा-वीस थांबे लावतो. सकाळी कोतवाल आणि वेडा राघू त्यावरून झेपा घेतात, साळुंक्या खाली सरींतून फिरतात. गेल्या वर्षी मी १४६ जाती गोळा करत हिंडलो, पण माझ्याच हरभऱ्यात कोतवाल किती होते ते सांगता येत नाही. लाज वाटते.

घुबड गेल्यावर ज्वारीत उंदीर वाढलेले दिसले. ते त्यामुळेच वाढले असं मी छातीठोक सांगणार नाही, कारण माझ्याकडं आधीचा आकडाच नाही. हीच तर बोंब आहे.

म्हणून यंदा माझी शर्यत वेगळी आहे. एक वर्ष, एकच रान. आठवड्यातून दोनदा, त्याच बांधावर, पंधरा मिनिटं. दिसेल आणि ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी, जातीसकट आणि संख्येसकट. शेजारी लिहायचं, पीक कुठल्या अवस्थेत, कुठली फवारणी कधी. घरट्याची जागा कुणाला सांगायची नाही. आवाज लावायचा नाही. जातींचा आकडा साठच्या पुढं जाणार नाही कदाचित. पण पुढच्या जानेवारीत कुणी विचारलं, "किती झाले?" तर मी विचारीन, "कशाचे? कोतवालांचे सांगू की होल्यांचे?"

ज्याला यायचं त्याने जरूर यावं. दुर्बीण आणा, चहा आमचा. माझ्यापेक्षा तुम्हाला पक्षी जास्त ओळखता येतात, त्याचा रानाला उपयोग होऊ द्या. भिगवणला होडीवाल्यांची घरं तुमच्या येण्यावर चालतात, ती चालू राहोत. फक्त ओढ्याकडं जायचं नाही.

परवा दिवस मावळताना मोटार बंद करून येत होतो. ओढ्याच्या अंगाने "बू-बो" ऐकू आलं. थोड्या वेळाने दुसरीकडून उत्तर आलं. दोन आहेत. मी बघायला गेलो नाही. वहीत लिहिलं: शृंगी घुबड, २, आवाज.

आजच्या पोस्टला फोटो नाही. मुद्दाम नाही.

तुमच्या बांधावर आज सकाळी कोतवाल किती होते, तेवढं मोजून खाली लिहा.