'फोर्थविथ' म्हणजे नेमके केव्हा?

इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी आज क्वचितच येणारे, परंतु इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या कायद्यांत, हुकुमांत आणि करारनाम्यांत पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसलेले एक क्रियाविशेषण आहे, 'फोर्थविथ'. घरात वा मित्रमंडळीत कोणी ते उच्चारले तर ऐकणाऱ्याला ते पोशाखी वाटेल. पण ज्या कागदावर ते उमटते त्याच्या एका टोकाला बहुधा सत्ता हाती असलेला अंमलदार असतो आणि दुसऱ्या टोकाला त्या अंमलदाराच्या कृतीची वाट पाहणारा, कित्येकदा कोठडीत बसलेला, माणूस असतो. म्हणूनच या शब्दाचा अर्थ किती सैल होऊ द्यावा, या प्रश्नाकडे कोशकारांइतकेच सामान्य नागरिकांनीही लक्ष दिले पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

'फोर्थ' म्हणजे पुढे आणि 'विथ' म्हणजे सह, या दोन जुन्या शब्दांच्या जोडणीतून तो मध्ययुगीन इंग्रजीत घडला. १६११ च्या इंग्रजी बायबलात, पेरणाऱ्याच्या दृष्टांतात, खडकाळ जमिनीवर पडलेले बी ज्या त्वरेने उगवून येते ती त्वरा याच शब्दाने सांगितली आहे. त्याच ग्रीक शब्दासाठी भाषांतरकारांनी अन्यत्र 'स्ट्रेटवे' आणि 'इमीजिएटली' हेही शब्द योजले, यावरून त्या काळी या तिघांत फारसे अंतर मानले जात नसावे. पुढे बोलभाषेने तो टाकला आणि वकिलांनी जपला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे मुख्य न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी, हा शब्द 'वाजवी मुदतीत' यापेक्षा निश्चितपणे कडक असून त्यात तत्पर व जोमदार कृती अभिप्रेत आहे, असे सांगितले. मात्र अशी कृती झाली की नाही हे त्या त्या प्रकरणातील परिस्थिती पाहून ठरवावे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. या पुस्तीतूनच पुढचे सारे वाद निघाले, आणि त्यांपैकी एक तर आपल्या मुंबईतच उद्भवला.

१९५० च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्यात दोन निरनिराळ्या त्वरा सांगितल्या होत्या. स्थानबद्ध केलेल्या इसमाला त्याच्या अटकेची कारणे 'होईल तितक्या लवकर' कळवावीत, हे एक कलम. आणि हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या कृतीचा अहवाल राज्य सरकारकडे 'फोर्थविथ' पाठवावा, हे दुसरे. १९५६ च्या जानेवारीत, राज्य पुनर्रचनेच्या प्रश्नावरून मुंबई धुमसत असताना, पोलीस आयुक्तांनी १३ तारखेस काही जणांच्या स्थानबद्धतेचे हुकूम काढले. १६ तारखेस त्यांना पकडण्यात आले, आणि त्याच दिवशी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई शहर केंद्रशासित राहील असे आकाशवाणीवरून जाहीर केले. त्यानंतरचे दिवस कसे गेले हे मराठी माणसास निराळे सांगावयास नको. हुतात्मा चौकातील स्मारक त्या लढ्याची साक्ष देत उभे आहे. आयुक्तांचा अहवाल मात्र सरकारकडे गेला तो २१ तारखेस. तेव्हा तेरापासून एकवीसपर्यंतचा हा काळ 'फोर्थविथ' या शब्दात मावतो काय, असा प्रश्न केशव नीलकंठ जोगळेकर विरुद्ध पोलीस आयुक्त, बृहन्मुंबई, या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला.

न्यायालयाने जे तत्त्व मांडले ते माझ्या मते निर्दोष आहे. कायदेमंडळाने एकाच कायद्यात दोन शब्दप्रयोग केले असतील तर त्यांचे अर्थही दोनच असले पाहिजेत; 'फोर्थविथ' हा त्यांतील अधिक सक्तीचा होय; आणि अधिकाऱ्याला जो विलंब टाळता येण्यासारखाच नव्हता तेवढाच विलंब या शब्दाला चालतो, असे त्या निकालाचे सार आहे. शब्दाच्या अर्थाचा भार न्यायालयाने सत्ताधाऱ्याच्या खांद्यावर ठेवला, कैद्याच्या नव्हे, आणि ही गोष्ट सामान्य नाही. परंतु तत्त्व इतके स्पष्ट मांडल्यावर ते लागू करताना, शहरात भीषण दंगली चालू होत्या, आयुक्त शांतता राखण्यात गुंतले होते, म्हणून हा विलंब टाळता येण्याजोगा नव्हता, असा निष्कर्ष निघाला. आणि येथे मी त्या न्यायासनाशी नम्रपणे असहमत आहे. पोलीस आयुक्तांची कचेरी आणि राज्याचे सचिवालय ही दोन्ही ठिकाणे शहराच्या एकाच, दक्षिण टोकाला आहेत. अहवाल म्हणजे काही ग्रंथ नव्हे. आणि हुकूम तर दंगल उसळण्यापूर्वी तीन दिवस सही होऊन तयार होता. शिवाय शहर जेव्हा पेटलेले असते तेव्हाच संशयाने माणसे उचलली जाण्याचा धोका सर्वांत अधिक, आणि म्हणून वरिष्ठ सत्तेची नजर त्या हुकुमांवर ताबडतोब पडण्याची निकडही तेव्हाच सर्वांत अधिक. अशांततेला विलंबाची सबब मानले, की ज्या दिवसांसाठी हा शब्द कायद्यात घातला त्याच दिवसांत तो निकामी होतो.

या निकालाच्या आदल्या वर्षी अमेरिकेत हाच शब्द नाकारला गेला होता. गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन खटल्याचा निकाल १९५४ मध्ये लागला, तेव्हा अंमलबजावणीच्या युक्तिवादासाठी खुद्द न्यायालयानेच जे प्रश्न पक्षकारांपुढे ठेवले होते त्यांत, काळ्या मुलांना 'फोर्थविथ' प्रवेश द्यावा काय, असा एक प्रश्न होता. काळ्या मुलांच्या बाजूचे वकील थर्गुड मार्शल व त्यांचे सहकारी त्याच शब्दासाठी झगडले. ३१ मे १९५५ रोजी न्यायालयाने त्याऐवजी जो शब्दसमूह निवडला त्याचा आशय 'विचारपूर्वक त्वरेने' असा होता, आणि दक्षिणेकडील राज्यांनी त्यातला विचार तेवढा उचलला. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर १९५९ पासून आपल्या सरकारी शाळाच पाच वर्षे बंद ठेवल्या. सात वर्षांचे मूल शाळेच्या दाराबाहेरच बारा वर्षांचे झाले. निकालाला दहा वर्षे उलटली तरी दक्षिणेतील अकरा राज्यांत गोऱ्या मुलांसोबत शिकणारी काळी मुले शंभरात दोघांच्या आसपासच होती. १९६९ साली न्यायालयाला अखेर, हे आताच्या आता बंद करा, असे सांगावे लागले. पहिल्याच हुकुमात तो कडक शब्द असता तर सारा दक्षिण भाग रातोरात बदलला असता असे मी म्हणणार नाही. पण दिरंगाई करणाऱ्याला प्रत्येक दिवसाचा जाब द्यावा लागला असता.

आपल्याकडे हा शब्द आजही रोज कामावर असतो. गंभीर गुन्ह्याची खबर मिळताच ठाणे अंमलदाराने तिचा अहवाल दंडाधिकाऱ्याकडे पाठवावा असे सांगताना, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५७ व्या कलमात तोच शब्द होता. त्या अहवालाची प्रत दंडाधिकाऱ्यापुढे आली की ते तिच्यावर तारीख व वेळ घालून सही करतात, आणि पुढे खटला उभा राहिला की बचावपक्षाच्या वकिलाचे बोट पहिल्यांदा त्या सहीवरच जाते: फिर्याद रात्री दहाला नोंदली आणि प्रत पोहोचली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तर मधल्या वेळात आरोपींची नावे वाढली नाहीत कशावरून? केवळ उशिराने खटला कोसळत नाही हे खरे. पण तपासी अंमलदाराला त्या तासांचा खुलासा भर कोर्टात द्यावा लागतो, आणि या क्रियाविशेषणाचे खरे बळ मला त्या खुलाशात दिसते.

स्थानबद्धाला हे बळ पुरेसे मिळत नाही. राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने अटक केलेल्या माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचे बंधन घातले, परंतु प्रतिबंधक स्थानबद्धतेला त्यातून वगळले; तेव्हा आकडा इतरांच्या वाट्याला गेला आणि स्थानबद्धाच्या वाट्याला क्रियाविशेषणे आली. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात 'होईल तितक्या लवकर' या शब्दांना साधारणपणे पाच दिवसांची मर्यादा जोडलेली आहे. सरकारची मंजुरी नसेल तर अधिकाऱ्याचा हुकूम सामान्यतः बारा दिवसांपलीकडे टिकत नाही. पण अहवाल 'फोर्थविथ' पाठवण्याच्या आज्ञेला अशी तासांची मुदत नाही. ती संसदेने घालावी. २४ तासांची कमाल मर्यादा लिहावी. ती ओलांडली गेलीच तर उशिराचे कारण त्या अहवालातच, त्याच दिवशी, अधिकाऱ्याच्या सहीनिशी नमूद व्हावे, महिन्यांनंतर प्रतिज्ञापत्रात नव्हे. आणि रवानगीची तारीख व वेळ स्थानबद्धाला कारणांसोबतच लेखी कळवली जावी.