वाळीत टाकलेल्या कुटुंबांना कायद्याचे संरक्षण प्रत्यक्ष मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी व जिल्हा दंडाधिकारी,
रायगड, अलिबाग.

प्रत : मा. पोलीस अधीक्षक, रायगड.

विषय : महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, 2016 ची जिल्ह्यात काटेकोर अंमलबजावणी करण्याबाबत.

महोदय,

खाली सह्या करणारे आम्ही गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांतले लोक आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले नागरिक आहोत. आमच्यापैकी कुणाच्या मुलीने जातीबाहेर लग्न केले, कुणी जमिनीचा वाद गावकीपुढे न नेता कोर्टात नेला, कुणी गावकीने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध ग्रामपंचायतीचा अर्ज भरला, तर कुणी देवळाच्या वर्गणीचा नुसता हिशेब मागितला. शिक्षा सगळ्यांना एकच झाली.

वाळीत टाकलेल्या घराला कुणी मारत नाही. बैठकीत ठरते की यांच्याशी जो बोलेल त्याला दंड, आणि दुसऱ्या दिवसापासून गिरणीवाला दळण घेत नाही, दुकानदार सामान देत नाही, रिक्षावाला बघून न बघितल्यासारखे करतो. लावणीला माणूस मिळत नाही. शिमग्यात पालखी दारावरून पुढे निघून जाते. शाळेत मुलांशेजारी कुणी बसत नाही, कारण तशी ताकीद घरातून मिळालेली असते. घरात मयत झाली तर खांद्याला परगावचे नातेवाईक बोलवावे लागतात. रात्री मागच्या दाराने वाटीभर तेल देणारी शेजारीण पकडली गेली तर तिच्याही घरावर दंड बसतो. नोकरीसाठी मुंबईला गेलेला मुलगाही यातून सुटत नाही. गावाच्या मुंबई मंडळात निरोप पोचतो आणि तिथलेही दरवाजे बंद होतात. परत गावात घ्यायचे तर दंड भरा, भर बैठकीत माफी मागा, कोर्टातली केस मागे घ्या. भोग बायकांच्या वाट्याला सर्वांत जास्त येतो, कारण पाणवठा, शेत, दुकान, हळदीकुंकू हे सगळे व्यवहार त्यांचे असतात आणि रोजचे असतात.

हे सगळे कायद्याने गुन्हा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि राव बहादूर श्रीनिवासन यांनी 1930 साली पहिल्या गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या मागण्यांत, बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवावा, ही मागणी होती. त्याच्या तीन वर्षे आधीच याच जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाब्यातल्या, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. त्यांच्यासमोरचा बहिष्कार गावाने अस्पृश्यांवर लादलेला होता आणि आमच्यातल्या अनेकांवरचा आमच्याच समाजाने लादलेला आहे. हा फरक आम्ही विसरत नाही. हत्यार मात्र तेच आहे.

जातीच्या आतल्या बहिष्काराविरुद्ध मुंबई प्रांताने 1949 मध्ये कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तो रद्द केला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ जात पंचायतींना मोकळे रान मिळाले. 2013 साली नाशिकमध्ये आंतरजातीय विवाह केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच खून केला, तेव्हा महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जात पंचायतीला मूठमाती देण्याचे अभियान हाती घेतले. त्याच वर्षी 20 ऑगस्टला समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. कार्यकर्ते थांबले नाहीत. एप्रिल 2016 मध्ये विधिमंडळाने नवा कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो 3 जुलै 2017 पासून लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र. दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून 6 महिन्यांत खटला निकाली काढण्याची तरतूद. इतका स्पष्ट कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला, याचा आम्हाला अभिमान आहे.

पण आमच्या अनुभवात हा कायदा पोलीस ठाण्याच्या टेबलापाशी अडतो. तक्रार घेऊन गेलेल्याला विचारतात, "मारहाण झाली का? शिवीगाळ? मग पुरावा काय?" काही ठिकाणी अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला जातो. काही ठिकाणी सांगतात की ही जात पंचायत नाही, ही गावकी आहे. वास्तविक कायद्यातली व्याख्या नावावर अडत नाही. नोंदणी असो वा नसो, नाव काहीही असो, समाजातले व्यवहार ठरवणारी आणि वादांचा निवाडा करणारी मंडळी तिच्यात येते. सर्वांत वाईट अनुभव समेटाचा. पंचांना ठाण्यात बोलावतात, चहा होतो, आणि तक्रारदाराला सांगतात की गावात राहायचे आहे ना, मिटवून टाका. ज्या बैठकीने आम्हाला वाळीत टाकले, तिच्याच पुढे आम्हाला पुन्हा उभे केले जाते. या गुन्ह्यात तडजोड करायची तर ती पीडिताच्या इच्छेने आणि न्यायालयाच्या परवानगीनेच होऊ शकते. ठाण्यात घडवलेल्या समेटाला कायद्यात जागा नाही.

म्हणून पहिली आणि मुख्य मागणी ही, की सामाजिक बहिष्काराची तक्रार आली की प्रथम गुन्हा नोंदवावा आणि ठाण्याच्या पातळीवर समेटाच्या बैठका पूर्ण बंद कराव्यात, असा लेखी आदेश पोलीस अधीक्षकांमार्फत प्रत्येक ठाण्याला जावा. दंडाच्या नावाने पैसे उकळले असतील तिथे भारतीय न्याय संहितेतले खंडणीचे कलम 308 लागू होते का, हेही तपासावे. पीडित अनुसूचित जाती-जमातीचे असतील आणि बहिष्कार टाकणारे त्या जाती-जमातींबाहेरचे असतील, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लावण्यात हयगय होऊ नये; सामाजिक व आर्थिक बहिष्कार त्यातही गुन्हा आहे.

पुरावा नसतो, हे खरे नाही. तो कुणी गोळा करत नाही. गावकीच्या बैठकीची वही असते, दंडाची पावती असते, व्हॉट्सॲप गटातले निरोप असतात, गिरणीवाला आणि दुकानदार असतात. ते एकदा एकट्याने, निर्भयपणे बोलू शकतील अशा ठिकाणी त्यांचे जबाब घ्यावेत. गावात पंचांच्या देखत घेऊ नयेत.

कायद्यात सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकाऱ्यांची तरतूद आहे. आमच्या तालुक्यांत हे अधिकारी कोण, हे आम्हाला कुणी सांगू शकलेले नाही. त्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक प्रत्येक तहसील कार्यालयात, ठाण्यात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.

गुन्हा जामीनपात्र असल्याने आरोपी त्याच दिवशी गावात परततात, आणि खरी भीती तेव्हा सुरू होते. अशा वेळी तहसीलदारांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली त्यांच्याकडून शांततेचे बंधपत्र घ्यावे. बहिष्कार ठरवण्यासाठी बैठक भरणार असल्याची खबर मिळाल्यास ती रोखण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला दिलेला आहे. तो वापरावा, ही आमची कळकळीची विनंती. एक बैठक वेळीच थांबली तर एक कुटुंब वाचते.

पोलीस पाटलांबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. गावातली खबर ठाण्याला देणे हे त्यांचे कर्तव्य आहे, पण ते स्वतः त्याच गावकीत बसतात. बहिष्काराची माहिती असून ती न कळवणाऱ्या पोलीस पाटलावर कारवाई व्हावी. ग्रामसभांमध्ये हा कायदा मराठीत वाचून दाखवावा आणि त्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी.

शेवटची मागणी आज वाळीत असलेल्या घरांसाठी आहे. निकाल लागेपर्यंत त्यांना धान्य, पाणी, दळण, मुलांची शाळा आणि स्मशानभूमी यांपासून कुणी अडवू नये, म्हणून तहसीलदार व गटविकास अधिकारी यांनी स्वतः गावात जाऊन पाहणी करावी आणि अहवाल आपल्याकडे द्यावा. अशा कुटुंबांची यादी आम्ही आपल्या हाती देऊ. ती गोपनीय ठेवावी.

याबाबत आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी आणि या निवेदनावर काय कार्यवाही झाली ते लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
रायगड जिल्ह्यातील बहिष्कृत कुटुंबे व सहकारी नागरिक
(सह्या सोबत जोडल्या आहेत)